तिसरा शनिवार: पुण्यातला प्रोग्रामरांचा छोटा गट चालता ठेवण्यासाठी

हा लेख १५ ते ४० माणसांच्या गटासाठी आहे. महिन्यातून एकदा जमणारा, कोणाची कंपनी किंवा क्लास मागे नसलेला, एखादी भाषा, डेटाबेस किंवा एकूणच प्रोग्रामिंग या आवडीवर चालणारा गट. मोठ्या परिषदेचे गणित वेगळे असते, ते इथे नाही.

गर्दी कमी झाली म्हणून गट बंद पडला, असे सांगितले जाते. जवळून पाहिले तर बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. जागा शोधणे, वक्ता गाठणे, निरोप धाडणे, चहा सांगणे ही सगळी कामे एकाच माणसाच्या अंगावर असतात. तो ती वर्षभर हौसेने करतो. मग नोकरी बदलते, घरी बाळ येते, किंवा कंपनी सहा महिन्यांसाठी परदेशी पाठवते. एक महिना चुकतो, दुसरा चुकतो, आणि ‘या महिन्यात आहे का?’ असे विचारणारेही गप्प होतात. त्यामुळे खालची प्रत्येक पायरी एकाच हिशेबाने लिहिली आहे: काम लहान असावे, ठरलेले असावे आणि दुसऱ्याच्या हाती देता यावे.

१. वार एकदाच ठरवा

दर महिन्याला ‘कोणाला कधी जमेल?’ अशी मतचाचणी घेऊ नका. तिचा निकाल लागेपर्यंत दहा दिवस जातात आणि शेवटी ज्यांनी मत दिले तेच येत नाहीत. वार कायमचा ठरवा. पुण्यात महिन्याचा तिसरा शनिवार सोयीचा पडतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकांना सुट्टी असते, म्हणून घरचे बाहेरगावचे बेत त्या दिवशी होतात. महिनाअखेरीला अनेक टीमचे रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढणे) असतात. तिसरा शनिवार या दोन्हींतून सुटतो.

वेळ सकाळी १०:३० ते दुपारी १. आठवड्यातल्या संध्याकाळी गट घ्यायचा मोह होतो, पण हिंजवडीत साडेसहाला सुटलेला माणूस खराडीला किंवा विमाननगरला वेळेत पोहोचणे कठीण, आणि उलट दिशेनेही तेच. संध्याकाळच हवी असेल तर ती एका भागापुरती ठेवा: वाकड-बाणेर-हिंजवडीकरांची वेगळी, खराडी-मगरपट्ट्याची वेगळी. दुपारी एकला संपणाऱ्या सभेचा आणखी एक फायदा आहे. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना, लहान मुले असलेल्या पालकांना आणि दुपारच्या बसने गावी जाणाऱ्यांना ती झेपते.

जानेवारीत एकदा बसून वर्षाच्या बाराही तारखा मांडा आणि त्याच वेळी पंचांगाशी ताडून पाहा. जून-जुलैमध्ये ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात. त्या दिवसांत फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता, नाना पेठ, भवानी पेठ या भागात वाहन नेणे जवळपास अशक्य असते. गणेशोत्सवात मध्यवर्ती पेठा टाळा. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीही लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्त्यांवर मिरवणूक चालू असू शकते. दिवाळीच्या आठवड्यात तर कार्यक्रमच नको. या दोन-तीन तारखा आधीच एका आठवड्याने सरकवा किंवा त्या महिन्याची सभा बाणेर-औंध बाजूला न्या. ऐन वेळी सरकवलेली तारीख निम्म्या लोकांपर्यंत पोहोचत नाही. जानेवारीत सरकवलेली मात्र कोणाला खटकत नाही.

२. जागा

सगळ्यात जास्त श्रम इथेच जातात, म्हणून हा भाग सविस्तर.

आधी नकाशा पाहा. पुणे मेट्रोच्या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) स्थानकावर भेटतात: पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. शिवाजीनगर, डेक्कन, गरवारे कॉलेज, नळ स्टॉप या स्थानकांपासून चालत दहा मिनिटांत येईल अशी जागा मिळाली, तर चिंचवडचा विद्यार्थी आणि येरवड्याची नोकरदार दोघेही फार तर एका बदलात पोहोचतात. उपनगरातल्या एखाद्या झकपक ऑफिसपेक्षा डेक्कनजवळची साधी खोली गटाला जास्त वर्षे पुरते.

जागा साधारण तीन प्रकारची मिळते.

कंपनीचे ऑफिस: प्रोजेक्टर, खुर्च्या, पाणी, स्वच्छतागृह सगळे असते. अडचण शनिवारची असते. इमारतीचा मध्यवर्ती एसी बंद असतो, ॲडमिनचे कोणी नसते आणि गेटवरच्या सिक्युरिटीला काहीच सांगितलेले नसते. म्हणून कंपनीकडे जाणाऱ्या मेलमध्ये या गोष्टी स्पष्ट विचारा: शनिवारी एसी किंवा निदान पंखे चालू राहतील का, कोणता मजला आणि कोणते प्रवेशद्वार, दुचाकी कुठे लावायच्या, पाहुण्यांना वाय-फाय कसे मिळेल, लॅपटॉपची नोंद लागते का, आणि त्या दिवशी सिक्युरिटी सुपरवायझर कोण असेल. लॅपटॉपची नोंद हा खरा वेळखाऊ प्रकार आहे. रजिस्टरमध्ये नाव, फोन, सिरियल नंबर लिहायला माणशी एक मिनिट धरले तरी ३० माणसांना अर्धा तास जातो आणि तेवढा वेळ सगळे रस्त्यावर उभे राहतात. शुक्रवारी दुपारपर्यंत नावांची यादी पाठवा, दोन रजिस्टरे मागा, आणि लोकांना ‘१०:१० ला गेटवर या’ असे कळवा. त्या कंपनीतले दोन कर्मचारी यजमान म्हणून हवेत. एकच असेल आणि तो आजारी पडला, तर गट गेटबाहेरच राहतो.

कॉलेज: सभागृह मोठे, भाडे नाही, विद्यार्थी हाताशी. विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांच्या नावे पत्र किमान दोन आठवडे आधी द्या. परीक्षांच्या काळात विचारूच नका. दोन गोष्टी आधीच नम्रपणे बोलून घ्या. पहिली, हजेरी सक्तीची नसावी. नाहीतर १२० मुले सभागृहात बसवली जातात, त्यातली १०० फोनमध्ये असतात आणि ज्यांना खरेच यायचे होते त्यांना खुर्ची मिळत नाही. दुसरी, दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगते नकोत. आदर म्हणून केलेल्या या गोष्टींत अडीच तासांतला पाऊण तास जातो. विभागप्रमुखांनी दोन मिनिटे स्वागत करावे, एवढे पुरेसे आहे आणि बहुतेक जण ते आनंदाने मान्य करतात.

कॉलेजच्या नेटवर्कवर एक तांत्रिक अडचण हमखास येते: एसएसएचचे (दुसऱ्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीचे) २२ नंबरचे पोर्ट बंद असते, त्यामुळे गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरून क्लोन, म्हणजे कोडची प्रत उतरवणे, होत नाही आणि पहिला पाऊण तास त्यातच जातो. क्लोनसाठी एचटीटीपीएसचा पत्ता द्या, किंवा एसएसएच ४४३ पोर्टवरून वळवा. गिटहब त्यासाठी एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम हे वेगळे होस्ट देते.

कॅफे: आठ माणसांपर्यंत चालतो, त्यापुढे नाही. आवाज, प्लगपॉइंट आणि दर अर्ध्या तासाने येणारा वेटर यांत बोलणे होत नाही.

जागा मिळाली की ती किमान सहा महिने बदलू नका. ‘दर वेळी नवे ठिकाण’ छान वाटते, पण दर वेळी सिक्युरिटी, पार्किंग, प्रोजेक्टर हे सगळे पहिल्यापासून शिकावे लागते. ३ किलोमीटरच्या आत एक पर्यायी जागा तोंडी ठरवून ठेवा, मग ती महिन्याभराने वापरावी लागो वा वर्षाने. निघताना खुर्च्या जागेवर, फळा पुसलेला, कचरा पिशवीत. सोमवारी सकाळी ॲडमिनवाल्यांना आभाराचा मेल, त्यात सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या लोकांचा उल्लेख. जागा टिकते ती या मेलमुळे.

३. एक पेटी

एक मध्यम बॅग घ्या आणि त्यात हे कायम ठेवा: ५ मीटरची एचडीएमआय केबल, यूएसबी-सी ते एचडीएमआय जोडणी, जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीए जोडणी, लांब वायरचे तीन एक्स्टेन्शन बोर्ड, क्लिकर आणि त्याच्या जादा बॅटऱ्या, चार मार्कर (दोन काळे, कारण काळेच आधी संपतात), डस्टर, नावाच्या चिकटपट्ट्या, जाड पेन, चिकटटेप, दोन पेनड्राइव्ह. टेप वायरी जमिनीला चिकटवण्यासाठी आहे. पायात अडकून लॅपटॉप पडला तर नुकसान गटाला सोसत नाही.

पेनड्राइव्ह कशासाठी? पाहुण्यांच्या वाय-फायवर ३० जणांनी एकदम डॉकरची इमेज (तयार सॉफ्टवेअरचा मोठा गठ्ठा) किंवा एनपीएमची (जावास्क्रिप्टची) पॅकेजेस उतरवायला घेतली की जाळे (नेटवर्क) बसते. प्रत्यक्ष करून बघायचे सत्र असेल तर लागणारे सगळे आधी भरून ठेवा. डॉकर इमेज सेव्ह करून टार फाइल बनवा, पायथॉनची पॅकेजेस व्हील फाइलींच्या स्वरूपात एका फोल्डरमध्ये घ्या, आणि तेच फोल्डर एका लॅपटॉपवरून पायथॉनच्या साध्या एचटीटीपी सर्व्हरने खोलीत वाटा. पाहुण्यांच्या वाय-फायवर यंत्रे एकमेकांना दिसू देत नाहीत असे पुष्कळदा असते. तेव्हा पेनड्राइव्हच कामी येतो, किंवा घरचा एखादा जुना राउटर लावून खोलीपुरते वेगळे जाळे करता येते.

पेटी कोणाकडे आहे हे गटाच्या पानावर लिहा. ती दर सहा महिन्यांनी घर बदलते.

४. अडीच तासांचा आराखडा

१०:३० ला दार उघडे, १०:४५ ला सुरुवात, मग सात माणसे असोत की तीस. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलात तर वेळेवर आलेले पुढच्या वेळी उशिरा येतात.

आधी दहा-पंधरा मिनिटे ओळख. २० माणसांना प्रत्येकी ४० सेकंद म्हणजे १३ मिनिटे होतात. लगाम नसेल तर त्याचेच ४० मिनिटे होतात. तीनच गोष्टी सांगायला सांगा: नाव, सध्या कशावर काम किंवा अभ्यास चालू आहे, आणि आज कोणत्या प्रश्नात मदत हवी आहे. कंपनीचे नाव आणि हुद्दा विचारू नका. हुद्दे ऐकले की दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी पुढचे दोन तास तोंड उघडत नाही. २० च्या वर माणसे असतील तर चौघा-चौघांत ओळख करून घेऊ द्या.

मग ३० मिनिटांचे एक भाषण आणि १५ मिनिटे प्रश्न. त्यानंतर चहा, सभेच्या मधोमध, शेवटी नाही. शेवटी ठेवलेला चहा घेऊन लोक निघून जातात. मधला चहा त्यांना एकमेकांशी बोलायला लावतो. गटाचा खरा फायदा या वीस मिनिटांत होतो, म्हणून ती कापून भाषण लांबवू नका. २५ माणसांना ८० मिलीच्या कपाने एक फेरी म्हणजे २ लिटर. अडीच लिटर सांगा आणि बिनसाखरेचा अर्धा लिटर वेगळा. २० लिटरचा पाण्याचा एक जार पुरतो, छोट्या बाटल्या आणू नका. खायला पोहे किंवा उपमा नको, कारण प्लेट, चमचे आणि हात धुणे आले. कागदात देता येईल असे काही, माणशी एक आणि वर दहावा हिस्सा जादा. साबुदाणा किंवा फळे असा उपवासाचा पर्याय थोडासा ठेवला तर एकादशीचा शनिवारही सुटतो.

चहानंतर पाच-पाच मिनिटांची दोन छोटी भाषणे आणि उरलेला वेळ हाताने करण्यासाठी किंवा गप्पांसाठी. १२:५५ ला पुढची तारीख सांगून १ वाजता बंद. ज्यांना थांबायचे आहे ते जवळच्या टपरीवर किंवा खानावळीत जातीलच.

प्रोजेक्टर पुष्कळ ठिकाणी १२८० बाय ८०० किंवा त्याहून कमी रेझोल्यूशनचा असतो आणि पडद्यावर खिडकीतला उजेड पडतो. वक्त्याला आधीच सांगा: पांढरी पार्श्वभूमी, टर्मिनलमध्ये अक्षर २४ पॉइंटचे, स्क्रीनवर २० च्या वर ओळी नकोत. गडद थीम घरी सुंदर दिसते, मागच्या रांगेतून काहीच वाचता येत नाही.

५. वक्ते

‘कोणी बोलणार का?’ असे गटावर टाकले तर शांतता मिळते. माणूस निवडून नेमका प्रश्न विचारा. चहाच्या वेळी कोणी सांगते की त्यांनी पोस्टग्रेस डेटाबेसचे एक टेबल बंद न करता त्यात कॉलम वाढवला. त्याला तिथेच विचारा, ‘हेच, एवढेच, वीस मिनिटांत पुढच्या महिन्यात सांगाल का?’ विषय त्याच्याच तोंडातून आलेला असतो, त्यामुळे नकार क्वचित येतो. ‘काहीही विषय घ्या’ म्हटले की मात्र माणूस इंटरनेटवरून ओळख करून देणारी चाळीस स्लाइड गोळा करतो.

तीन महिन्यांची रांग हाताशी हवी: एक पक्का, एक अर्धा तयार, एक राखीव. नोकरी करणाऱ्या वक्त्याला बहुधा स्लाइडसाठी कंपनीची परवानगी लागते आणि त्याला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात, म्हणून एक महिना आधी सांगणे ही किमान मुदत. ग्राहकाचे नाव, आतले आकडे, स्क्रीनशॉट टाळायला त्यांना आठवण करा. सभेच्या आधीच्या बुधवारी २० मिनिटांचा कॉल करून सराव ऐका. त्यात तीनच गोष्टी तपासा: पहिल्या पाच मिनिटांत अडचण काय होती ते कळते का, कोड वाचता येतो का, वेळेत संपते का.

पहिल्यांदा बोलणाऱ्याला पाच मिनिटांपासून सुरू करू द्या. तो तीन महिन्यांनी वीस मिनिटांचा वक्ता होतो, आणि बाहेरून आणलेल्या नामवंतापेक्षा गटाला जास्त उपयोगी पडतो.

भाषेबद्दल. पुण्यातल्या अशा गटात आंध्र, बिहार, केरळचे लोक असतात, आणि लातूर, सोलापूर, जळगावहून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलेही असतात. सगळे इंग्रजीतून चालवले की ही मुले प्रश्न विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न मनातच राहतो आणि दोन-तीन वेळा आल्यावर ती येणे थांबवतात. सुरुवातीलाच जाहीर करा की प्रश्न मराठी, हिंदी, इंग्रजी कशातही विचारा. प्रश्न आला की सूत्रसंचालकाने तो एका वाक्यात दुसऱ्या भाषेत सांगावा. दर तीन-चार महिन्यांनी एक पूर्ण सत्र मराठीत ठेवा. पारिभाषिक शब्द इंग्रजीच राहू द्या, समजावणे मराठीत. प्रश्नांची संख्या लगेच वाढलेली दिसेल.

वक्ता ऐन वेळी गळेल हे धरूनच चाला. शुक्रवारी रात्री प्रॉडक्शन (ग्राहक वापरत असलेली यंत्रणा) पडते, ताप येतो. त्यासाठी दोन तयार सत्रे पेटीत कायम हवीत.

एक, कोडवाचन. पायथॉनच्या मानक लायब्ररीतले हीपक्यू घ्या. हीप ही सर्वांत लहान मूल्य नेहमी वर ठेवणारी रचना; हीपपुश तिच्यात मूल्य घालते, हीपपॉप वरचे काढते. हीपपुश, हीपपॉप आणि त्यांच्या पोटातली दोन मदतनीस फंक्शने दोन-तीन पानांत मावतात. छापून वाटा, चौघांचे गट करा, २५ मिनिटे वाचू द्या. प्रश्न एकच द्या: हीपपॉपमध्ये वरची जागा रिकामी झाल्यावर आधी थेट तळापर्यंत जायचे आणि मग मूल्य वर सरकवायचे, असे का केले आहे? मधेच थांबता आले असते. उत्तर त्या फाइलच्याच टिपणीत आहे, म्हणून छापताना ती टिपणी वगळा आणि शेवटी वाचून दाखवा. लॅपटॉप नसले, वीज गेली, तरी हे सत्र होते.

दोन, कोड रिट्रीट. जॉन कॉन्वे यांनी मांडलेला, १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला, चौकोनी घरांच्या जाळीवर चालणारा गेम ऑफ लाइफ जोडीने लिहायचा. जिवंत घराला २ किंवा ३ जिवंत शेजारी असतील तर ते जगते, मेलेल्या घराला बरोबर ३ असतील तर ते जिवंत होते, बाकी सगळी मरतात. ४५ मिनिटे झाली की कोड पुसायचा, जोडी बदलायची, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीला एक अट घाला: इफ वापरायचा नाही, किंवा टेस्ट आधी लिहायची. पुसायला लोक कुरकुरतात, पण पुसावाच. तो ठेवला तर दुसऱ्या फेरीत सगळे पहिलाच कोड पुढे रेटतात. अडीच तासांत दोन फेऱ्या आरामात होतात.

रेकॉर्डिंग करू नका असे आमचे मत आहे. कॅमेरा दिसला की लोक कामातल्या खऱ्या अडचणी सांगत नाहीत, आणि संकलनाचे काम ज्याच्या गळ्यात पडते तो दोन-तीन महिन्यांत कंटाळतो. प्रत्यक्ष आणि ऑनलाइन एकाच वेळी चालवणेही टाळा. त्याला वेगळा माइक, वेगळा माणूस आणि चांगले जाळे लागते. तिन्ही नसले की खोलीतले आणि पडद्यावरचे दोघेही नाराज होतात.

६. दारातला माणूस

फुकट कार्यक्रमाला नोंदणी केलेल्यांपैकी निम्मे येतील असे धरा. २५ खुर्च्या असतील तर ४५ नोंदी घ्या. आदल्या दिवशी संध्याकाळी एक आठवण पाठवा, त्यात ‘जमणार नसेल तर कळवा’ आणि नेमके गेट, मजला, मेट्रो स्थानक.

दारात एक माणूस १०:१५ पासून फक्त स्वागतासाठी असावा. त्याने केबल जोडायला जायचे नाही. नवीन माणूस आला की नावाची पट्टी द्यायची आणि त्याला कोणाच्या तरी शेजारी नेऊन बसवायचे: ‘हेही रस्ट शिकताहेत.’ पहिल्या भेटीत जो एकटा कोपऱ्यात बसतो तो सहसा परत येत नाही.

एका साध्या तक्त्यात दर महिन्याला पाच आकडे लिहा: नोंदी, आलेले, पहिल्यांदा आलेले, दुसऱ्यांदा आलेले, त्यातल्या स्त्रिया. एकूण उपस्थिती वरखाली होतच राहते. पावसाळ्यात आणि मे महिन्यात ती घसरणारच. लक्ष चौथ्या आकड्यावर ठेवा. नवे पुष्कळ येतात आणि दुसऱ्यांदा कोणीच येत नाही, तर अडचण प्रसिद्धीत नसून खोलीतल्या वागणुकीत किंवा विषयाच्या पातळीत आहे.

दुसऱ्यांदा आलेल्याला एक लहान काम द्या: वेळ दाखवणे, खुर्च्या मोजणे, चहावाल्याला फोन. पुढचे आयोजक याच रांगेतून तयार होतात.

वागणुकीचे नियम अर्ध्या पानात लिहा आणि दर सभेला अर्ध्या मिनिटात सांगा. तक्रार करायला दोन माणसांची नावे हवीत, त्यातली एक स्त्री. तक्रार आली तर त्या दोघांनी दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकायच्या आणि आठवड्यात निर्णय कळवायचा. गटावर चर्चा करायची नाही. फोटो काढण्यापूर्वी विचारा. ज्यांना नको आहे त्यांना वेगळ्या रंगाची नावपट्टी द्या.

७. निरोप आणि किल्ल्या

घोषणांचा मार्ग आणि गप्पांचा मार्ग वेगळे ठेवा. घोषणांसाठी मेलयादी किंवा व्हॉट्सॲपचे चॅनेल. चॅनेलमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. उघड्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नंबर उचलून रिक्रूटर आणि क्लासवाले फोन करतात, आणि याच कारणाने स्त्रिया असे ग्रुप सोडतात. महिन्याला तीनच घोषणा: तारीख आणि विषय दोन आठवडे आधी, आठवण आदल्या दिवशी, स्लाइड आणि पुढची तारीख सोमवारपर्यंत.

मीटअप डॉट कॉमवर पान असेल तर लक्षात ठेवा: तिथे आयोजकाला वर्गणी भरावी लागते. ती थांबली आणि दुसरे कोणी जबाबदारी घ्यायला पुढे आले नाही तर पान बंद होते. मेलयादी स्वतःकडे वेगळी हवीच.

आता एका पानावर लिहा: डोमेन कोणाच्या नावावर, नूतनीकरण कधी, मेलखाते, गिटहबची संस्था, चॅनेलचे ॲडमिन, जागेच्या संपर्काचा फोन, पेटी. प्रत्येक ओळीपुढे दोन नावे हवीत. जिथे एकच नाव आहे तिथे याच आठवड्यात दुसरे घाला. दोन घटकांची पडताळणी एकाच्या फोनवर असेल तर तिचे रिकव्हरी कोड दुसऱ्याकडे द्या. नाहीतर फोन हरवला की खातेही गेले.

८. पैसे

शक्य तितके पैसे हाताळूच नका. जागा फुकट, चहा यजमान कंपनीचा किंवा वर्गणीचा. वर्गणी असेल तर जागेवरच यूपीआयने गोळा करा, त्याच दिवशी चहावाल्याला द्या आणि जमा-खर्चाच्या दोन ओळी गटावर टाका. शिल्लक शून्याजवळ राहिली की शंका आणि हिशेब दोन्ही उरत नाहीत.

प्रायोजकाने पैसे देऊ केले तर त्यांनी केटररचे किंवा छपाईचे बिल थेट आपल्या नावावर घेऊन भरावे. कोणाच्या वैयक्तिक खात्यात मोठी रक्कम आली की कराचा आणि विश्वासाचा प्रश्न उभा राहतो. बदल्यात काय मिळेल हेही आधीच लिहून द्या: सुरुवातीला दोन मिनिटे बोलणे आणि आभाराच्या मेलमध्ये नाव. उपस्थितांची यादी मिळणार नाही, उत्पादनाचे भाषण होणार नाही.

संस्था नोंदवावी का, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी काढते. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही येते. म्हणजे धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, दरवर्षीचे हिशेब, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज. चाळीस माणसांच्या मासिक गटाला हे ओझे नको.

नोकरीच्या जाहिरातींना शेवटची पाच मिनिटे द्या आणि चार गोष्टींची अट घाला: कंपनी, ठिकाण, अनुभव, पगाराची पट्टी. पट्टी न सांगणाऱ्याला बोलू देऊ नका. क्लासची जाहिरात अजिबात नको. एकदा परवानगी दिली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि पुण्यात क्लास पुष्कळ आहेत.

९. खांदेपालट आणि उतरता काळ

कामे चार: जागा, वक्ते, निरोप, दार. चार माणसे, प्रत्येकाची मुदत एक वर्ष. जानेवारीत दोघे बदलतात, जुलैत दुसरे दोघे, म्हणजे सगळे एकदम नवे नसतात. नवा माणूस एक महिना जुन्याबरोबर काम करतो, मग एक महिना जुना नुसता पाहतो. हस्तांतर एका पानावर: कोणाला कधी फोन करायचा, काय हमखास बिघडते. मुदत संपल्यावर ‘आणखी थोडे दिवस’ थांबायचा आग्रह करू नका. मुदत खरी आहे हे दिसले तरच पुढचा माणूस हो म्हणतो.

एखाद्या महिन्यात सहाच जण आले तर प्रोजेक्टर बंद ठेवा, एका टेबलाभोवती बसा आणि प्रत्येकाची एकेक अडचण वीस मिनिटे सोडवा. रद्द करू नका आणि आलेल्यांसमोर न आलेल्यांबद्दल बोलू नका. सलग तीन महिने दहाच्या खाली संख्या राहिली तर तक्ता काढून बसा: जागा बदलली का, विषय सलग एकाच पातळीचे झाले का, तारीख दुसऱ्या कोणाशी आदळते का. पुण्यात लिनक्स यूजर्स ग्रुपसारखे जुने गट आहेत, पायथॉनचे आहेत. त्यांची वेळापत्रके पाहा आणि वर्षातून एक-दोन सभा एकत्र घ्या.

चारांपैकी तिघांना खरोखरच जमत नसेल तर विश्रांती जाहीर करा, पण परतीच्या तारखेसह: ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर नाही, डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी भेटू.’ तारीख न देता घेतलेली विश्रांती सहसा कायमची ठरते. आणि गट बंदच करायचा ठरला, तर सभासदांना तसे स्पष्ट कळवा, जवळच्या दुसऱ्या गटाचा पत्ता द्या, मेलयादी कोणाला न देता पुसून टाका, पेटी एखाद्या कॉलेजच्या क्लबला द्या. स्लाइड आणि नोंदी सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवा. डोमेन मात्र आणखी दोन वर्षे भरून ठेवा, कारण सोडलेले डोमेन कोणीतरी उचलते आणि गटाच्या जुन्या दुव्यांवरून येणारी माणसे जुगाराच्या जाहिरातीवर जाऊन पोहोचतात.